पेटीतले पैसे आणि पेटीतल्या चिठ्ठ्या

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलच्या कारखान्याची किरकोळ रोकड म्हणजे दिवाणजींच्या टेबलाच्या उजव्या खणातली हिरवी पत्र्याची पेटी. पेटीत चार कप्पे: नोटा, चिल्लर, झालेली व्हाउचरं आणि उचलीच्या, म्हणजे आगाऊ नेलेल्या पैशांच्या, चिठ्ठ्या. फर्म भागीदारीतली, हिशेब टॅली या सॉफ्टवेअरमध्ये, दिवाणजी एक आणि पैसे मागणारे पंधरा. ही पेटी २०,००० वरून ३,००० वर आणायला आठ महिने लागले. बाकीचा खर्च आता बँकेतून, यूपीआयने आणि दोन प्रीपेड कार्डांवरून होतो. काय केलं, कुठे अडलं आणि कोणता खर्च रोखीतच ठेवावा लागला, ते इथे लिहितो.

सुरुवात मोजणीने केली. कोणालाही न सांगता, संध्याकाळी सहाला, पेटी टेबलावर उलटी केली. रोजमेळाप्रमाणे शिल्लक हवी होती १२,८८५. रोख निघाली ६,३४०. चिठ्ठ्या नऊ, त्यांची बेरीज ६,४००. म्हणजे तूट १४५. ही १४५ ची तूट तशी काहीच नाही. सुट्या पैशांच्या भानगडीत महिन्याला तेवढं इकडेतिकडे होतं, आणि ज्या पेटीत कधीच तूट-जादा निघत नाही तिची आम्हाला जास्त शंका येते. खरी गोष्ट चिठ्ठ्यांची होती. सर्वात जुनी चिठ्ठी ४७ दिवसांची. एक १,५०० ची, जॉबरने (लूम म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याने) पार्ट आणायला नेलेले. पार्ट येऊन लूमवर बसलाही, पण बिल शर्टाच्या खिशातच धुऊन निघालं. एक चिठ्ठी ज्याच्या नावाची, तो हेल्पर काम सोडून गेलेला. आणि एकीवर नुसतं ‘टेम्पो ८००’, ना नाव, ना तारीख. पैसे निम्म्याहून जास्त पेटीबाहेर आणि कागद कशालाच नाही. पुढे जे काही केलं ते या चिठ्ठ्यांसाठी होतं. रोख बंद करणं हा त्यातला एक भाग.

पेटीचं शास्त्र जुनं आणि एका ओळीचं आहे: हातातली रोख, झालेली व्हाउचरं आणि बाकी उचल यांची बेरीज कोणत्याही क्षणी ठरलेल्या रकमेइतकी यायला हवी. याला इम्प्रेस्ट पद्धत म्हणतात. पेटी भरायची ती व्हाउचरांच्या बेरजेइतकीच. ७,११५ ची व्हाउचरं झाली असतील तर चेक ७,११५ चा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी इथेच घसरतं. ‘पेटी संपली, दहा टाका’ म्हणून गोल दहा हजार काढले जातात, आधीच्या दहाचा हिशेब अर्धवट असताना. मग ठरलेली रक्कम अशी काही राहतच नाही, आणि तूट कशाच्या तुलनेत काढायची हेही कळत नाही. आम्ही पहिल्याच आठवड्यात पेटी २०,००० ला बांधली आणि भरणा आकड्याला आकडा सुरू केला. यात डिजिटल काही नव्हतं, तरी चिठ्ठ्या निम्म्या झाल्या. कारण चिठ्ठी मिटल्याशिवाय व्हाउचर होत नाही आणि व्हाउचर झाल्याशिवाय पैसे येत नाहीत.

त्यानंतर मागच्या तीन महिन्यांची व्हाउचरं काढून फरशीवर ढीग लावले. प्रत्येक व्हाउचरला तीन प्रश्न: पैसे कोणाला गेले, हा खर्च दर महिन्याला ठरलेला आहे का, आणि याचं पक्कं बिल मिळू शकतं का. ‘यूपीआय चालेल का’ हा प्रश्न मुद्दाम विचारला नाही. तो आधी विचारला की चहाच्या प्रत्येक कटिंगला क्यूआर स्कॅन करायची व्यवस्था उभी राहते आणि रोज वीस नोंदी वाढतात.

ढीग असे पडले: चहा-नाश्ता, पाण्याचे जार, कुरिअर, झेरॉक्स-स्टेशनरी, टेम्पो भाडं, बिल्टीचं (ट्रान्सपोर्टच्या मालपावतीचं) भाडं, हमाली-वराई (माल चढवण्या-उतरवण्याचे पैसे), लूमचे किरकोळ पार्ट, इलेक्ट्रिकचं सामान, जनरेटरचं डिझेल, ड्रायव्हरचा बाहेरगावचा खर्च, आणि वर्गणी. संख्येने सर्वात मोठा ढीग चहाचा, रकमेने भाड्याचा.

चहा, पाणी, कुरिअर आणि झेरॉक्स या चारही ठिकाणी महिन्याचं खातं लावलं. चहावाल्या अण्णांची वही होतीच, रोज पैसे देण्याची सवय आपली होती. आता कप मोजून सही, महिनाअखेर एकच आकडा, ५ तारखेच्या आत खात्यावर. पाण्याच्या जारवाल्याने आधी कुरकुर केली, त्याला १५ दिवसांचं बिल ठरवून दिलं. एवढ्यावर व्हाउचरांची संख्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याने घटली. ना ॲप, ना कार्ड. जे कोणी डिजिटलकडे जायला निघालेत त्यांनी ही पायरी गाळू नये. रोखीची वीस फुटकळ व्हाउचरं यूपीआयच्या वीस फुटकळ नोंदी झाल्या तर दिवाणजींचं काम वाढतंच.

कायद्याच्या मर्यादा इथेच सांगून टाकतो, कारण पेटीचे नियम त्यांवरूनच ठरतात. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० पेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च आयकरात मान्य होत नाही. मालवाहू गाडीच्या भाड्याला ही मर्यादा ३५,००० आहे. १९६१ च्या कायद्यातलं हे कलम ४०ए(३). २०२५ च्या नव्या कायद्यात कलमाचा आकडा बदलला, मर्यादा त्याच राहिल्या. एकाच दिवशी त्याच माणसाच्या नावे ६,००० ची दोन व्हाउचरं केली तरी बेरीज धरली जाते. ५,००० च्या वर रोख दिली तर पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लागतं, आणि ते पेटीत कधीच सापडत नाही. आम्ही घरची मर्यादा २,००० ठेवली, त्यावर एक रुपया असला तरी बँकेतून.

दुसरी बाजू ऑडिटची. धंद्याची उलाढाल एक कोटीच्या वर गेली की आयकराचं ऑडिट लागतं. पण वर्षभराची रोख जमा एकूण जमेच्या ५ टक्क्यांत आणि रोख खर्च एकूण खर्चाच्या ५ टक्क्यांत राहिला, तर ही मर्यादा दहा कोटींपर्यंत जाते. दोन्ही अटी एकदम पाळाव्या लागतात. पेटीचा खर्च ५ टक्के क्वचितच होतो. ५ टक्के मोडतात ते आठवड्याच्या पगाराने. म्हणून कामगारांचा आठवडा या पेटीतून कधीही देऊ नये, ‘बँकेत गर्दी आहे, आजच्या दिवस’ म्हणूनही नाही.

भाड्याच्या ढिगात एक वेगळंच भूत निघालं. बाहेरगावाहून सूत ‘टू पे’ बिल्टीवर येतं, भाडं गोदामात भरून माल सोडवायचा, आणि दिवाणजी व्हाउचर लिहितात ‘भाडं १,१८०’. या बिल्टीवर ट्रान्सपोर्टने स्वतः जीएसटी लावलेला नसेल तर ५ टक्के कर उलट पद्धतीने, म्हणजे ट्रान्सपोर्टऐवजी आपणच सरकारला, भरायचा असतो. पूर्वी लहान भाड्यांना, एका गाडीचे १,५०० आणि एका मालधन्याचे ७५० पर्यंत, सूट होती. १८ जुलै २०२२ पासून ती गेली. पेटीतून गेलेलं भाडं रिटर्न भरणाऱ्याच्या नजरेला पडतच नाही, कारण बिल्टी व्हाउचरमागे पिनेने टोचलेली असते आणि टॅलीत फक्त ‘भाडं’. गावातल्या टेम्पोवाल्याला हे लागू नाही, तो बिल्टी फाडत नाही. म्हणून टॅलीत दोन लेजर (खाती) केले: ‘टेम्पो भाडं’ आणि ‘बिल्टी भाडं’. बिल्टी भाडं त्या दिवसापासून पेटीतून बंद. गोदामाच्या खात्यावर थेट पैसे आणि बिल्टीचा फोटो त्याच दिवशी.

टेम्पोवाल्याचं दुखणं निराळं. तो एकटा वर्षाकाठी लाखाच्या पुढे जातो, पण व्हाउचरांवर नाव नसल्याने तो एक आहे की दहा, हेच कळत नाही. कंत्राटी कामावर एका बिलाला ३०,००० किंवा वर्षाला १,००,००० ओलांडले की टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, येतो. दहा किंवा कमी मालवाहू गाड्या असलेल्याने पॅन आणि लेखी कबुली दिली तर तो कापावा लागत नाही. ते कबुलीपत्र एप्रिलमध्येच घ्यायचं. इलेक्ट्रिशियन आणि वेल्डर यांना ही सवलत नाही, त्यांची वर्षाची बेरीज वेगळी पाहावी लागते. यूपीआयचा खरा फायदा आम्हाला इथे दिसला. समोरच्याचं नाव आपोआप उमटतं आणि वर्षअखेर एका फिल्टरमध्ये बेरीज मिळते.

आता साधनांकडे. पाच पर्याय हाताळले.

सगळीकडे आपोआप सुरू असतो तो पहिला: माणसाने स्वतःच्या फोनवरून द्यायचं, स्क्रीनशॉट पाठवायचा, शनिवारी पैसे परत घ्यायचे. हे तीन कारणांनी बंद केलं. एक, महिनाअखेरीला जॉबरच्या खात्यात ३०० सुद्धा नसतात, मग तो आधीच उचल मागतो आणि चिठ्ठी परत आली. दोन, फर्मचा खर्च त्याच्या घरच्या खात्यात मिसळतो. तीन, स्क्रीनशॉट. एकाच व्यवहाराचा स्क्रीनशॉट दोनदा आला होता, दुसऱ्यांदा कापून, तारीख वगळून. लबाडी होती की विसराळूपणा, ते काढत बसलो नाही. शीटमध्ये १२ आकडी यूपीआय नंबरचा रकाना केला आणि तो आकडा पुन्हा आला की ओळ लाल होईल असं सूत्र टाकलं. हा रकाना आजही आहे आणि कोणतंही साधन वापरा, तो ठेवाच.

दुसरा, यूपीआय लाइट. पिन नको, एका वेळी १,००० पर्यंत, शिल्लक ५,००० पर्यंत. झटपट आहे, शेडमध्ये रेंज कमी असली तरी बऱ्याचदा जातं. पण बँकेच्या स्टेटमेंटमध्ये फक्त लाइटमध्ये भरलेली रक्कम दिसते, पुढचे चिल्लर खर्च फोनमधल्या यादीतच. हिशेबाच्या नजरेने हे म्हणजे हिरवी पेटीच, फक्त फोनमध्ये. पुन्हा गोल २,००० भरायचे आणि कुठे गेले ते नंतर शोधायचं. सोडून दिलं.

तिसरा, यूपीआय सर्कल. मुख्य माणूस पाच जणांपर्यंत आपल्या खात्यातून खर्चायची मुभा देतो. पूर्ण मुभा दिली तर महिन्याला १५,००० आणि एका वेळी ५,००० ची हद्द, अर्धी मुभा दिली तर प्रत्येक वेळी मुख्य माणसाने पिन टाकून मंजुरी द्यायची. कल्पना पेटीसाठीच जन्मली असावी इतकी जुळते, पण आमच्या बँकेत फर्मच्या चालू खात्यावर ती सोय मिळाली नाही. भागीदाराच्या बचत खात्यावर करा म्हणाले. फर्मचा खर्च भागीदाराच्या बचत खात्यातून करून पुन्हा फिरवाफिरवीची जर्नल नोंद घालत बसणं म्हणजे एका चिठ्ठीच्या दोन चिठ्ठ्या.

चौथा, प्रीपेड कार्ड. फर्म मुख्य खात्यात पैसे भरते, प्रत्येक माणसाला कार्ड, कार्डागणिक हद्द, मोबाइलवर लगेच नोंद आणि तिथेच बिलाचा फोटो. अर्धवट केवायसीवर (ओळख पडताळणीवर) १०,००० पर्यंत, पूर्ण केवायसीवर दोन लाखांपर्यंत शिल्लक ठेवता येते. अडकलो केवायसीत. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या निम्म्या लोकांची नावं तेलुगू पद्धतीची. आधारवर आडनाव आधी, पॅनवर शेवटी, एका ठिकाणी वडिलांचं नाव पूर्ण तर दुसरीकडे नुसतं अक्षर. व्हिडिओ केवायसी चार जणांची नापास झाली. आधी पॅन दुरुस्त करा, मग कार्ड, यात दीड महिना गेला. शहाणपण असं की कार्ड मागवण्याआधी प्रत्येकाचं आधार आणि पॅन शेजारी शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघावं.

आणि कार्ड हातात आल्यावर कळलं की पूर्व भागातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात कार्ड मशीनच नाही, क्यूआर आहे. कार्ड घ्याल तर त्यावरून यूपीआय चालतं का, हे आधी विचारा. शेवटी कार्डं दोनच ठेवली: टेम्पोच्या ड्रायव्हरला एक, पुणे-मुंबईला माल आणि सॅम्पल घेऊन जाणाऱ्याला एक. ड्रायव्हरचा खर्च तसाही फास्टॅगने निम्मा केला होता. पुण्याच्या वाटेवरच्या सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस या नाक्यांच्या पावत्यांची ती घडी आता येत नाही, महिन्याचं स्टेटमेंट उतरवून घेतलं की झालं. कार्डावर उरतं ते डिझेल, जेवण आणि पार्किंग.

पाचवा पर्याय सर्वात साधा, आणि तोच टिकला: फर्मचं दुसरं चालू खातं, फक्त किरकोळ खर्चाचं. बँकेला लागणारी किमान शिल्लक सोडून त्यात १५,००० ठेवायचे आणि दर सोमवारी जेवढा खर्च झाला तेवढेच मुख्य खात्यातून वळवायचे. हीच इम्प्रेस्ट, पेटीऐवजी खातं. खात्यात मुळात १५,००० च आहेत, त्यामुळे चूक झाली, फसवणूक झाली, तरी नुकसानीला तळ आहे. मुख्य खात्याला यूपीआय जोडूच नये असं आमचं मत याच कारणाने.

खातं उघडताना दोन गोष्टी पक्क्या करा. खातं एका सहीवर चालणारं असावं. दोन सह्यांच्या खात्यावर बँकेने यूपीआय दिलं नाही. आणि बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर फर्मच्या नावावरच्या सिमचा असावा, कोणा माणसाच्या नावाचा नको. आधी आमचा नंबर एका जुन्या मॅनेजरच्या सिमचा होता. तो गेला, सिम गेलं, ओटीपी त्याच्याकडे. नंबर बदलायला ठराव, सह्या आणि अकरा दिवस. नवीन फोनवर यूपीआय चढवलं की पहिले २४ तास ५,००० पर्यंतच जातात, हेही लक्षात ठेवून सिम बदलायचं काम शनिवारी करावं. पिन दिवाणजींनाच ठाऊक. ते रजेवर गेले की यूपीआय बंद आणि पेटी चालू, दुसऱ्याला पिन सांगायचा नाही. गैरसोय होते, होऊ दे.

आता एक व्हाउचर जवळून बघा. सहा नंबरच्या लूमचं बेअरिंग गेलं. जॉबर व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहितो: ‘लूम ६, बेअरिंग १ नग, अंदाजे ३५०’. दिवाणजी व्हाउचर नंबर टाकून उत्तर देतात: ‘के-४१२ मंजूर’. म्हणजे नंबर आधी पडला, पैसे नंतर. जॉबर दुकानात जातो, क्यूआरचा फोटो पाठवतो, दिवाणजी कारखान्यातून ३४० पाठवतात आणि यूपीआयच्या टिपेत लिहितात ‘के४१२’, कारण ही टीप बँकेच्या स्टेटमेंटमध्ये उतरते. बऱ्याचदा अर्धी कापली जाते, म्हणून नंबर पहिल्यांदा, मजकूर नंतर. जॉबर बिल घेतो, त्यावर फर्मचं नाव आणि जीएसटी नंबर लिहून घेतो. त्यासाठी प्रत्येकाच्या पाकिटात नंबर छापलेली चिठ्ठी दिली आहे, नाहीतर काउंटरवर पंधरा आकडे-अक्षरं कोणाला आठवणार. ३४० च्या बेअरिंगमध्ये १८ टक्क्यांनी जवळपास ५२ रुपये कर आहे, तो परत मिळतो तो दुकानदाराने त्याच्या रिटर्नमध्ये आपला नंबर टाकला तरच. चहा-नाश्त्याच्या बिलावर नंबर घेऊन उपयोग नाही, त्याचा परतावा कायद्यानेच बंद आहे. बिलाचा फोटो दुकानातूनच ग्रुपवर. ‘बिल कशाला ओ, साडेतीनशेला?’ असं दुकानदार विचारतोच. आधी बिल, मग पैसे, हा क्रम ठेवला की प्रश्न मिटतो.

फोटोची फाइल ‘तारीख-व्हाउचर-रक्कम’ या नावाने ठेवायची. थर्मल कागदावरचं बिल असेल तर फोटो हाच खरा कागद, कारण सहा महिन्यांत छपाई उडते. टॅलीत खर्चाचं खातं बँक म्हणून उघडलं, ‘किरकोळ रोकड’ या गटात नाही. सोमवारचा भरणा एफ४ ला कॉन्ट्रा (आपल्याच एका खात्यातून दुसऱ्यात), खर्च एफ५ ला पेमेंट, आणि दर सोमवारीच स्टेटमेंटशी मेळ. महिन्याने मेळ घातला तर ‘के’ नसलेल्या नोंदी कोणालाच आठवत नाहीत.

बिघाड कुठे झाले? सर्वात जास्त वेळा हा: आपल्या खात्यातून पैसे गेले, दुकानदाराकडे आले नाहीत. दुकानदार माल सोडत नाही, माणूस घाईने खिशातली रोख देतो, आणि तीन दिवसांनी यूपीआयचे पैसे परत येऊन बसतात. आता वहीत एकाच बेअरिंगचे दोन खर्च आणि वर एक अनोळखी जमा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे असे पैसे माणसाच्या खात्यावर गेलेले असतील तर दुसऱ्या दिवसापर्यंत, दुकानाच्या खात्याला असतील तर व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, उशिराला दिवसाला १०० रुपये भरपाई. आम्ही ‘यूपीआय येणे बाकी’ असं लेजर केलं. अडकलेली रक्कम तिथे टाकायची, परत आली की तिथेच जमा. हे लेजर दर सोमवारी शून्य दिसलं पाहिजे. सहाव्या दिवशी उरलं तर बँकेत तक्रार.

दुसरा बिघाड नावाचा. बिल दुकानाच्या नावाचं आणि क्यूआर दुकानदाराच्या मुलाचा. ऑडिटर विचारतो, हा कोण? व्हाउचरवर एक ओळ लिहून दुकानाचा शिक्का घ्यावा, एवढंच. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या जमेवरून छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, ती बातमी सीमेच्या अलीकडेही पोचली. नंतर काही दिवस आमच्या नेहमीच्या दोन दुकानांत क्यूआर उलटा ठेवलेला होता. त्यांच्याशी वाद घातला नाही, महिन्याचं खातं लावलं आणि आरटीजीएस-एनईएफटी घेणाऱ्या तिसऱ्या दुकानाकडून भाव मागवला. क्यूआर पुन्हा सरळ झाला.

रोखीत काय राहिलं? हमाली आणि वराई. ट्रक रात्री साडेआठला लागतो, पाच हमाल, मुकादमाच्या हातात पैसे. मुकादमाला यूपीआयने द्यायचं ठरवलं तर बाकीचे चौघे म्हणाले, आमचा वाटा आम्हाला आत्ताच द्या. त्यांना घरी जाताना भाजी घ्यायची असते. मुकादमाच्या खात्यात सगळ्यांची कमाई जमा होणं त्यालाही नको होतं, आणि त्यात त्याचं चुकत नाही. म्हणून ३,००० ची पेटी ठेवली, मुख्यतः ५०, २० आणि १० च्या नोटा. शंभराच्या वरची नोट पेटीत घ्यायचीच नाही. ५०० ची नोट आली की सुट्टे नाहीत म्हणून ‘राहू दे, नंतर देतो’ आणि नवी चिठ्ठी. हमालीच्या व्हाउचरवर नगांची संख्या आणि दर लिहायचे: ‘४२ गाठी’, नुसतं ‘हमाली’ नाही. मग गेटच्या नोंदीशी मेळ घालता येतो.

उचलीला एक माणूस, एक चिठ्ठी, तीन दिवस. आधीची मिटली नसेल तर दुसरी नाही, मग तो मालकांचा पुतण्या का असेना. चिठ्ठीवर तारीख, नाव आणि सही नसेल तर ती रक्कम दिवाणजींच्या नावे. या एका वाक्यामुळे बिननावाची चिठ्ठी पुन्हा निघाली नाही. मंजुरी देणारा आणि पैसे देणारा एकच माणूस नसावा, हे पुस्तकी वाटतं, पण पाच माणसांच्या ऑफिसात पाळणं अवघड असतं. आमच्याकडे ५०० पर्यंत दिवाणजीच मंजूर करतात. त्याची भरपाई अचानक मोजणीने: महिन्यातून दोनदा, ठरलेल्या वारी नाही, आणि मोजताना दिवाणजी समोर हवेत, त्यांच्या सहीने. त्यांच्या माघारी मोजलं तर तूट कोणाची, हा वाद मिटत नाही.

वर्गणी हा सोलापूरचा स्वतंत्र विषय. गणपती, नवरात्र, नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव, जानेवारीत गड्डा यात्रा, मध्ये जयंत्या. मंडळाची पोरं फाटकात उभी असतात तेव्हा दिवाणजी पेटी उघडून ५०१ देऊन मोकळे होतात आणि व्हाउचर ‘किरकोळ खर्च’. आता वर्गणी पेटीतून बंद. ती भागीदारांनी द्यायची आणि त्यांच्या उचल खात्याला टाकायची. मंडळांकडे क्यूआर असतोच, तोही बहुधा खजिनदाराच्या नावाचा, म्हणून पावतीपुस्तकातली पावती घेतल्याशिवाय नाही. याला विरोध सर्वात जास्त झाला, आणि तो मंडळांकडून नव्हता.

मार्चअखेरीला काम थोडं वेगळं. ३१ तारखेला दोन्ही कार्डांवरची शिल्लक स्क्रीनवरून नाही, कार्ड देणाऱ्या कंपनीकडून ई-मेलवर मागवायची, ती वर्षअखेरच्या शिल्लक यादीत लागते. ‘यूपीआय येणे बाकी’त त्या रात्री काही अडकलं असेल तर त्याच्या परतीची एप्रिलची नोंद जोडून ठेवायची. चिठ्ठ्या सगळ्या मिटवायच्या, ज्या मिटत नाहीत त्या माणसाच्या नावे उचल म्हणून ताळेबंदात, खर्चात नाही. आणि पेटीची शेवटची मोजणी ऑफिस सुटताना करून उपयोग नाही. ३१ मार्चला माल काढायची घाई सगळ्यांनाच असते, शेवटचा ट्रक रात्री लागतो आणि त्याची वराई त्याच तारखेची. म्हणून त्या दिवशी पेटी ट्रक गेटबाहेर गेल्यावर मोजतो.